पंथाची सरहद्द : उस्मानी, सफवी आणि एका वैराची घडण

इराण आणि त्याचे पश्चिमेकडील शेजारी यांच्यातील सत्तास्पर्धेचे मूळ इ. स. ६३२ मध्ये, म्हणजे प्रेषित मुहंमद यांच्या निधनानंतर उत्तराधिकारावरून उद्भवलेल्या वादात आहे, असे सांगून विषय मिटवण्याची प्रथा वृत्तपत्रांनी आणि काही प्रमाणात पाठ्यपुस्तकांनीही पाडली आहे. या विधानात तथ्य नाही असे नाही. परंतु ते अर्धेच आहे. मूळ वाद सातव्या शतकातला असला, तरी पंथांची सीमा आणि राज्यांची सीमा एकाच रेघेवर येण्याची स्थिती निर्माण व्हायला सोळावे शतक उजाडावे लागले, आणि ती रेघ काढणाऱ्या राज्यकर्त्यांची नावे, त्यांचे हेतू व त्यांनी वापरलेली साधने इतिहासाला चांगली ठाऊक आहेत.

प्रेषितांच्या पश्चात समाजाचे नेतृत्व त्यांचे चुलत भाऊ आणि जावई अली यांच्याकडे व पुढे त्यांच्या वंशाकडे जायला हवे होते असे मानणारे ते शिया, आणि समाजाने मान्य केलेल्या अबू बक्र, उमर, उस्मान व अली या चौघांनाही त्याच क्रमाने योग्य खलिफा, म्हणजे प्रेषितांचे उत्तराधिकारी, मानणारे ते सुन्नी, अशी या भेदाची ढोबळ मांडणी करता येते. इ. स. ६८० मध्ये करबला येथे अलींचे पुत्र हुसेन मारले गेले आणि राजकीय पक्षभेदाला हौतात्म्याची व शोकाची जोड मिळाली. शियांमधील सर्वांत मोठ्या, म्हणजे बारा इमाम मानणाऱ्या इस्ना अशरी शाखेच्या श्रद्धेनुसार बारावे इमाम इ. स. ८७४ मध्ये दृष्टिआड झाले असून ते पुढे प्रकट होणार आहेत. या श्रद्धेचा राजकीय अर्थ महत्त्वाचा आहे, कारण खरा अधिकारी इमामच असेल आणि तोच दृष्टिआड असेल, तर मधल्या काळातील प्रत्येक राजाची सत्ता तात्पुरती ठरते. म्हणूनच कित्येक शतके या शाखेच्या विद्वानांनी राजसत्तेपासून अंतर राखणे पसंत केले. इ. स. ९४५ मध्ये बगदाद ताब्यात घेणारे बुवैही सरदार शिया होते, तरी त्यांनी सुन्नी अब्बासी खलिफाचे पद रद्द केले नाही. खलिफाला गादीवर ठेवून त्याच्या नावाने राज्य हाकणे त्यांना अधिक सोयीचे वाटले. कैरोच्या फातिमी खलिफांनी मात्र बगदादला उघड आव्हान दिले. पण ते शियांच्या दुसऱ्या, इस्माइली शाखेचे होते, आणि दोन शतके राज्य करूनही त्यांना इजिप्तची बहुसंख्य प्रजा आपल्या पंथात आणता आली नाही.

आज शिया पंथाचा बालेकिल्ला मानला जाणारा इराण इ. स. १५०० मध्ये प्रामुख्याने सुन्नी होता, ही गोष्ट अनेकांना नवी वाटेल. कुम, काशान, सब्झेवार अशी काही शिया वस्तीची जुनी केंद्रे होती. परंतु सुन्नी धर्मविचाराच्या इतिहासातील अग्रगण्य नाव असलेले अल् गझाली हे खुद्द इराणच्या तूस नगरीचे होते. ज्या सफवी घराण्याने पुढे इराणला शिया केले, त्याचा मूळपुरुष शेख सफीउद्दीन हाही अर्दबीलचा सुन्नी सूफी होता. त्याने स्थापलेल्या सूफी संप्रदायाचे पंधराव्या शतकात, शेख जुनैद व शेख हैदर यांच्या काळात, लढाऊ संघटनेत रूपांतर झाले. तिचे अनुयायी मुख्यतः आजच्या पूर्व तुर्कस्तानातील तुर्कमान पशुपालक टोळ्यांचे होते. बारा इमामांच्या स्मरणार्थ बारा चुण्यांची तांबडी टोपी घालणाऱ्या या लोकांना किझिलबाश, म्हणजे तांबड्या शिरोवेषाचे, असे नाव पडले. आपला गुरू दैवी अंश असलेला आणि म्हणून अजिंक्य आहे, अशी त्यांची समजूत होती. ही श्रद्धा शास्त्री पंडितांच्या शिया मतात बसणारी नव्हती. पण सैन्य उभे करायला ती पुरेशी होती.

या टोळ्या इस्तंबूलच्या उस्मानी सुलतानांवर नाराज असण्याची कारणे धर्माइतकीच ऐहिकही होती. इस्तंबूलचे राज्य जसजसे सुसंघटित होत गेले, तसतशी करवसुली कडक झाली, भटक्या टोळ्यांना नोंदींमध्ये बांधण्यात आले आणि सीमेवरच्या सरदारांची जुनी मोकळीक संपली. अर्दबीलच्या गुरुपीठाने या असंतोषाला झेंडा दिला. हैदरचा मुलगा इस्माइल याने इ. स. १५०१ मध्ये, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, तब्रीझ जिंकून स्वतःला शाह म्हणवून घेतले आणि इस्ना अशरी शिया पंथ हा राज्याचा धर्म असल्याचे जाहीर केले. पुढच्या दहा वर्षांत बगदादपासून खुरासानपर्यंतचा प्रदेश त्याच्या हाती आला.

हा झगडा तुर्क आणि इराणी यांच्यातील जुन्या वांशिक वैराचा होता, असे जे समीकरण मांडले जाते ते टिकत नाही. शाह इस्माइलची बोली तुर्की होती आणि तो 'खताई' या टोपणनावाने तुर्कीत कविता लिहीत असे. त्याचा प्रतिस्पर्धी सुलतान सलीम पहिला याची काव्यरचना मुख्यतः फार्सीत आहे. दोन्ही दरबारांची अभिरुची, चित्रकला आणि शिष्टाचार यांत साम्यच अधिक होते. दोन घराणी इतकी सारखी असताना एकाची प्रजा दुसऱ्याकडे सहज वळू शकली असती, आणि नेमकी हीच भीती दोघांनाही होती. म्हणून वेगळेपण घडवावे लागले, आणि ते घडवायला पंथाइतके सोयीचे साधन दुसरे नव्हते.

इस्माइल आणि त्याचा मुलगा तहमास्प यांनी ते कसे घडवले, हे तपशिलात पाहण्यासारखे आहे. शुक्रवारच्या नमाजापूर्वीच्या प्रवचनाला खुतबा म्हणतात, आणि त्यात ज्याचे नाव घेतले जाते तो त्या प्रदेशाचा मान्य अधिपती ठरतो. इराणच्या मशिदींत आता बारा इमामांच्या नावाने खुतबा वाचला जाऊ लागला, आणि पहिल्या तीन खलिफांचा जाहीर धिक्कार करण्याची प्रथा, जिला तबर्रा म्हणतात, राजाज्ञेने सुरू झाली. विरोध करणाऱ्यांना स्थलांतर, जप्ती किंवा मृत्यू एवढेच पर्याय उरले. मात्र नव्या राज्यधर्माचे सखोल ज्ञान असलेले विद्वान इराणात थोडेच होते, त्यामुळे ते आजच्या दक्षिण लेबनॉनमधील जबल आमिल या अरब प्रदेशातून आणवले गेले. त्यांतील अली अल् कर्की याला तहमास्पने इ. स. १५३३ मध्ये धार्मिक बाबतींत व्यापक अधिकार दिले. पुढे सतराव्या शतकात मुहंमद बाकिर मजलिसी याने शिया धर्मज्ञान सामान्यांना समजेल अशा फार्सीत आणले आणि राजाज्ञेने सुरू झालेली गोष्ट घराघरांत रुजली. इराणचे शियापण हे इराणी स्वभावाचे प्राचीन लक्षण आहे, असे म्हणणाऱ्यांनी हा अरब विद्वानांचा वाटा विसरू नये.

उस्मानी बाजूची प्रतिक्रिया तितकीच कठोर होती. इ. स. १५११ मध्ये शाहकुलू नावाच्या किझिलबाश नेत्याने अनातोलियात, म्हणजे आजच्या आशियाई तुर्कस्तानात, मोठे बंड केले आणि ते मोडताना खुद्द वझीर-ए-आझम, म्हणजे मुख्य प्रधान, अली पाशा मारला गेला. पुढच्या वर्षी वडिलांना बाजूला सारून गादीवर आलेल्या सलीमने किझिलबाशांची धरपकड व कत्तल आरंभली आणि इराणवर स्वारीची तयारी केली. पण येथे एक कायदेशीर अडचण होती. इस्लामी धर्मशास्त्रानुसार मुस्लिम राजाने मुस्लिम राजाविरुद्ध युद्ध करणे, त्याच्या प्रजेला कैद करणे आणि तिची मालमत्ता लूट म्हणून वाटून घेणे यांना सहजासहजी मान्यता मिळत नाही. शत्रू मुसलमानच नाही असे ठरले, तरच हे सारे वैध होते. त्यामुळे सलीमने उलेमांकडून, म्हणजे धर्मशास्त्राच्या अधिकृत पंडितांकडून, फतवे मिळवले, आणि त्यांत किझिलबाशांना धर्मभ्रष्ट ठरवून त्यांच्याशी लढणे हे कर्तव्य असल्याचा निर्वाळा देण्यात आला. पुढे सलीमचा मुलगा सुलेमान याच्या काळात शेख-उल्-इस्लाम, म्हणजे मुख्य धर्माधिकारी, अबुस्सऊद याने याच निर्वाळ्याला अधिक शास्त्रशुद्ध रूप दिले. या वैरातील धर्माची खरी भूमिका येथे दिसते. युद्धाचे कारण सीमा, कर आणि निष्ठा यांत होते. युद्धाचा परवाना मात्र धर्मपीठावरून घ्यावा लागला, आणि एकदा दिलेला परवाना युद्ध संपल्यावरही रद्द होत नाही.

ऑगस्ट १५१४ मध्ये चाल्दिरानच्या मैदानावर उस्मानी तोफा आणि बंदूकधारी यानिसारी पायदळ यांच्यापुढे किझिलबाश घोडदळाचा धुव्वा उडाला. इस्माइल निसटला, पण त्याच्या अजिंक्यत्वाची कथा संपली. सलीम तब्रीझमध्ये शिरला. तेथे हिवाळा काढायला सैन्याने नकार दिल्याने त्याला परतावे लागले. या युद्धात रेशमाचाही वाटा होता. इराणी रेशीम उस्मानी राज्यातील बुर्साच्या बाजारात येत असे आणि त्यावर दोन्ही राज्यांचे उत्पन्न अवलंबून होते. सलीमने हा व्यापार बंद केला, त्यात बुर्साचेच नुकसान झाले आणि सुलेमानने गादीवर येताच बंदी उठवली. श्रद्धेच्या बाबतीत न झुकणारे राज्य जकातीच्या बाबतीत किती लवकर झुकते, याचे हे चांगले उदाहरण आहे. पाठोपाठ इ. स. १५१६–१७ मध्ये सलीमने सीरिया व इजिप्त जिंकल्यामुळे मक्का आणि मदिना उस्मानी छत्राखाली आल्या, आणि तेथील आधीचे राज्यकर्ते ममलूक सुलतान लावीत असलेला 'दोन पवित्र स्थळांचा सेवक' हा किताब त्याच्याकडे आला.

सुलेमानने इ. स. १५३४ मध्ये बगदाद घेतले, आणि इ. स. १५५५ च्या अमास्या तहाने दोन्ही राज्यांनी प्रथमच एकमेकांचे अस्तित्व कागदावर मान्य केले. त्यानंतरच्या वाटाघाटींत सीमेवरील किल्ल्यांबरोबरच दोन धार्मिक कलमे वारंवार येत राहिली : इराणने तबर्रा थांबवावा आणि उस्मानींनी इराणी यात्रेकरूंना सुखरूप जाऊ द्यावे. तहनाम्यात शिव्याशापांसाठी स्वतंत्र कलम असावे, हे आजच्या वाचकाला विचित्र वाटेल. पण ज्या मजकुराने सैन्य गोळा होते तो मजकूर मुत्सद्द्यांच्या दृष्टीने दारूगोळ्याइतकाच महत्त्वाचा होता.

यात्रेकरूंचा प्रश्न तर या संबंधांतील सर्वांत नाजूक मुद्दा होता. अलींची कबर असलेले नजफ, हुसेन यांचे करबला, तसेच काझिमैन व सामर्रा ही इमामांची स्थाने आजच्या इराकात, म्हणजे त्या काळच्या उस्मानी मुलखात होती. इराणच्या हाती राहिले ते आठव्या इमामांचे मशहद आणि त्यांच्या भगिनीचे कुम. परिणामी शियांच्या राज्यातील प्रजेची भक्ती शत्रूच्या हद्दीत गुंतलेली राहिली. शाह अब्बास पहिला याने इ. स. १६०१ मध्ये इस्फहानहून मशहदपर्यंत पायी यात्रा केली, तिच्यात भक्ती होती तशीच राजनीतीही होती. प्रजेचा आणि पैशाचा ओघ स्वतःच्या मुलखातील तीर्थाकडे वळावा, हा तिचा एक हेतू होता. त्यानेच इ. स. १६२३–२४ मध्ये बगदाद जिंकले, पण सुलतान मुराद चौथा याने डिसेंबर १६३८ मध्ये ते परत घेतले. मे १६३९ मध्ये झालेल्या झुहाबच्या तहाने आखलेली सीमा हीच बऱ्याच अंशी आजच्या इराणच्या पश्चिम सीमेचा पाया आहे. तीर्थे पलीकडे राहिली ती कायमची. इराणातून केवळ जिवंत यात्रेकरू नव्हे, तर नजफ व करबलाच्या पवित्र भूमीत दफन व्हावे म्हणून मृतदेहही खेचरांवर लादून सीमापार नेले जात, आणि एकोणिसाव्या शतकात त्यांच्यावरील शुल्क व आरोग्यविषयक निर्बंध हा दोन सरकारांमधील रीतसर तंट्याचा विषय झाला होता.

या संघर्षाचे पडसाद दख्खनेतही उमटले, आणि मराठी वाचकांना ओळखीची असलेली काही नावे येथे भेटतात. इस्माइलने तब्रीझ घेतल्यानंतर एकदोन वर्षांतच विजापूरच्या यूसुफ आदिलशहाने शिया खुतबा सुरू केला. बीदरच्या अमीर बरीदने शेजारी सत्ता त्याच्याविरुद्ध उभ्या केल्या, तेव्हा त्याला काही काळ माघार घ्यावी लागली. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा इ. स. १५३७ च्या सुमारास शाह ताहिर या विद्वानाच्या प्रभावाने शिया झाला. हा शाह ताहिर इस्माइली असल्याच्या संशयावरून शाह इस्माइलच्या राज्यातून निसटून दख्खनेत आला होता, म्हणजे ज्याला इराणच्या शिया राज्याने नाकारले त्यानेच अहमदनगरला शिया केले. गोवळकोंड्याचे कुतुबशहाही बारा इमामांचा खुतबा वाचवीत आणि इराणच्या शाहचे नाव आदराने घेत. पण पंथ एक झाल्याने वैर संपते हा समज दख्खनेत साफ खोटा ठरला, कारण विजापूर आणि अहमदनगर सोलापूरच्या किल्ल्यासाठी पिढ्यान् पिढ्या लढत राहिले. शिवाय विजापुरात राज्यधर्म राजागणिक बदलला. इब्राहीम पहिला सुन्नी, त्याचा मुलगा अली शिया, इब्राहीम दुसरा पुन्हा सुन्नी. आणि प्रत्येक बदलाबरोबर परदेशातून आलेले आफाकी आणि येथलेच दखनी या दरबारी गटांपैकी एकाचे पारडे जड व दुसऱ्याचे हलके होई. इराणात हेच धोरण दोनशे वर्षांहून अधिक काळ जवळजवळ अखंड राबवले गेले, म्हणून ते प्रजेत उतरले. दख्खनेत ते दरबारातच फिरत राहिले. मोहरमच्या ताबुतांत गावोगावचे हिंदूही सामील होऊ लागले, पण बहुसंख्य दखनी मुसलमान सुन्नीच राहिले.

मोगलांनी या प्रकाराकडे केवळ धर्मभेद म्हणून पाहिले नाही. इ. स. १६३६ मध्ये, म्हणजे निजामशाही बुडाली आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले त्याच वर्षी, शाहजहानने अब्दुल्ला कुतुबशहाकडून खुतब्यातून इराणच्या शाहचे नाव काढून चार खलिफांची व मोगल बादशहाची नावे घालण्याची अट मान्य करवून घेतली. कंदाहारवरून ज्या इराणशी मोगलांचे वैर होते, त्याच्या नावाचा दक्षिणेत गजर होणे ही बादशहाच्या दृष्टीने सार्वभौमत्वाची बाब होती.

हा भेद राजाज्ञेने निर्माण झाला असेल, तर राजाज्ञेने मिटवताही यावा असे नादिरशहाला वाटले. दिल्ली लुटणारा म्हणून भारतात बदनाम असलेल्या या सेनापतीने इ. स. १७३६ मध्ये इराणची गादी घेताना तबर्रा बंद करण्याची अट सरदारांकडून मान्य करवून घेतली, आणि शियांच्या कायदापद्धतीला, जिला जाफरी म्हणतात, सुन्नींच्या चार पद्धतींच्या जोडीला पाचवी म्हणून स्थान मिळावे, असा प्रस्ताव इस्तंबूलपुढे ठेवला. इ. स. १७४३ मध्ये त्याने नजफला दोन्ही पंथांच्या उलेमांची परिषदही भरवली. उस्मानींनी पाचवी पद्धत मान्य केली नाही, आणि इ. स. १७४७ मध्ये नादिरचा खून झाल्यावर हा विषय मागे पडला. त्याच्या सैन्यात सुन्नी अफगाण व उझबेक मोठ्या संख्येने होते, तेव्हा त्याच्या उदारपणात गरजेचा भाग मोठा होता; तरीही एवढ्या बलाढ्य राजाला जे जमले नाही, त्यावरून दोन शतकांत हा भेद किती खोल गेला होता हे कळते.

दरम्यान अरबस्तानात एक तिसरा घटक उदयाला येत होता. इ. स. १७४४ मध्ये नज्द प्रांतातील दिरिया येथे धर्मसुधारक मुहंमद बिन अब्दुल वहाब आणि तेथील सरदार मुहंमद बिन सऊद यांच्यात करार झाला. कबरींची पूजा हा या सुधारकाच्या मते धर्मद्रोह होता, आणि या विचाराने प्रेरित झालेल्या सैन्याने इ. स. १८०२ मध्ये करबलावर हल्ला करून हुसेन यांचा दर्गा लुटला व हजारो लोक मारले. याच सुमारास अवधच्या दरबाराच्या पैशातून नजफला पाणी देणारा हिंदिया कालवा तयार झाला. त्याच्याकाठी स्थायिक झालेल्या अरब टोळ्या पुढच्या शतकात मोठ्या संख्येने शिया झाल्या आणि दक्षिण इराकचे आजचे रूप घडले. पहिले सऊदी राज्य मोडले ते इराणने नव्हे. उस्मानींच्या वतीने इजिप्तच्या फौजांनी इ. स. १८१८ मध्ये दिरिया उद्ध्वस्त केले, आणि तो सामना सुन्नी विरुद्ध सुन्नी असाच होता.

विसाव्या शतकातील घटना याच चौकटीत पाहिल्या तर त्यांचे गूढ बरेच कमी होते. इ. स. १९७० च्या दशकात शिया इराणचा शाह आणि सुन्नी सौदी राजा हे दोघेही अमेरिकेचे मित्र असल्याने एकाच फळीत होते. इ. स. १९७९ च्या क्रांतीनंतर आयातुल्ला खोमेनी यांनी इमामांच्या अनुपस्थितीत राज्याची सूत्रे धर्मशास्त्रज्ञाकडे असावीत हा सिद्धांत अमलात आणला, जो त्यांनी नजफमधील विजनवासात व्याख्यानांतून मांडला होता. या सिद्धांताने आखातातील राजेशाह्यांच्या वैधतेलाच हात घातला. सौदी राजे फहद यांनी इ. स. १९८६ मध्ये स्वतःच्या नावापुढे 'दोन पवित्र स्थळांचा सेवक' हा जुना किताब लावला, आणि पुढच्याच वर्षी मक्केत इराणी यात्रेकरू व सौदी पोलीस यांच्यातील संघर्षात चारशेहून अधिक माणसे मेली. तरीही इराण–इराक युद्धात (१९८०–८८) इराकी सैन्यातील बहुसंख्य शिया शिपाई शिया इराणविरुद्ध लढले, आणि इराणच्या खुझिस्तानातील अरबही सद्दाम हुसेनच्या हाकेला उठले नाहीत. बहुसंख्येने शिया असलेल्या अझरबैजानपेक्षा ख्रिस्ती आर्मेनियाशी इराणचे संबंध अधिक सलोख्याचे राहिले आहेत. चौदाशे वर्षांच्या अटळ वैराच्या सिद्धांताला ही उदाहरणे अडचणीची आहेत. सत्तेच्या गरजेनुसार पंथाला पुढे आणणारी किंवा मागे ठेवणारी राज्ये गृहीत धरली, तर ती सहज उलगडतात.

जानेवारी २०१६ मध्ये सौदी अरेबियाने शिया धर्मगुरू निम्र अल् निम्र यांना देहदंड दिला, तेहरानमधील सौदी दूतावासावर जमावाने हल्ला केला आणि दोन्ही देशांचे संबंध तुटले. मार्च २०२३ मध्ये बीजिंगला चीनच्या मध्यस्थीने ते पुन्हा जोडले गेले. त्या वेळच्या संयुक्त निवेदनात सार्वभौमत्वाचा आदर, अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे, दूतावास उघडणे आणि इ. स. १९९८ व २००१ चे जुने करार पुन्हा अमलात आणणे यांचा उल्लेख आहे. शिया किंवा सुन्नी हा शब्द त्यात नाही.